न्यायाधीशांचे वेतन आणि परंतुकातील एक शब्द

आमच्या विद्यालयात दर शनिवारी सायंकाळी, वंदना आटोपल्यावर आणि भोजनाची घंटा होण्यापूर्वी, संविधानाचा अभ्यासवर्ग भरतो. गेल्या वर्षी न्यायव्यवस्थेचे प्रकरण चालू असताना नववीच्या वर्गातील एका मुलीने उभे राहून विचारले, "सरकारने न्यायाधीशांचाच पगार कापला, तर ते कोणत्या न्यायालयात जातील?" वर्गात हशा पिकला. आम्हीही क्षणभर हसलो. पण उत्तर देऊ लागलो तेव्हा ध्यानात आले की प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्या दिवशी आम्ही तिला अर्धेच उत्तर दिले. उरलेले अर्धे शोधताना जे वाचनात आले, ते या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थ्यांपुढे व पालकांपुढे ठेवीत आहोत.

याच विषयावर पुढे पालकसभेत बोलणे निघाले, तेव्हा एका पालकांनी घेतलेला आक्षेपही येथे नोंदविला पाहिजे. ते म्हणाले, "गुरुजी, ज्यांना महिन्याला दोन-अडीच लाख मिळतात त्यांच्या पगाराची काळजी आपण का वाहायची? आमची मजुरी बुडते तेव्हा कोणते संविधान धावून येते?" या आक्षेपाला बगल देऊन पुढे जाणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. न्यायाधीशांच्या वेतनाला घटनात्मक कवच असावे की नसावे, याचा विचार मजुरी बुडालेल्या माणसाच्या बाजूनेच करावा लागेल. न्यायाधीशाच्या बाजूने केला तर तो केवळ एका सुस्थित वर्गाच्या हिशेबाचा प्रश्न उरतो.

आपल्या समाजाला न्यायालयाची पायरी कशी दिसते, हे महाडच्या दाव्यावरून कळते. १९२७ च्या मार्चमध्ये चवदार तळ्याचे पाणी प्राशन झाले, हे आपल्या मुलांना पाठ असते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तळे आपल्या खाजगी मालकीचे आहे असा दावा महाडच्या स्पृश्य मंडळींनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांचे सहकारी यांच्याविरुद्ध लावला, आणि दुसऱ्या सत्याग्रहाच्या तोंडावर तात्पुरता मनाईहुकूम मिळविला, ही गोष्ट मात्र थोड्यांनाच तपशिलाने ठाऊक असते. पुढे १९२८ मध्ये तो मनाईहुकूम उठला. १९३१ मध्ये महाडच्याच न्यायालयाने दाव्याचा निकाल बाबासाहेबांच्या बाजूने दिला. त्यावर अपिले झाली आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने, अस्पृश्यांना पाणी नाकारण्याची प्राचीन रूढी वादींना सिद्ध करता आली नाही, असे म्हणून तो निकाल कायम केला. दहा वर्षांच्या या वाटचालीत उच्च न्यायालयाचे नाव शेवटी येते. पहिला निर्णय एका तालुक्याच्या गावी, दुय्यम दर्जाच्या दिवाणी न्यायाधीशाला करावा लागला होता. ज्या गावच्या प्रतिष्ठितांविरुद्ध तो निकाल गेला, त्याच गावात त्याला राहायचे होते. त्याचे वेतन, बदली, बढती यांपैकी काहीही कोणत्याही राज्यघटनेने राखलेले नव्हते. मनाईहुकूम देताना वा उठवताना कोणावर दडपण आले असे आम्ही सुचवीत नाही. आमचे म्हणणे एवढेच की, माणसाला न्याय मिळतो तो अशा छोट्या खोलीत बसलेल्या माणसाच्या हातून, आणि त्या माणसाच्या मनात उद्याच्या चुलीची भीती नसावी, हे पाहणे आपल्याच हिताचे आहे.

वेतन आणि न्यायबुद्धी यांचे नाते राज्यकर्त्यांना फार पूर्वीपासून कळलेले आहे. इंग्लंडमध्ये सतराव्या शतकात न्यायाधीश राजाच्या मर्जीवर पदावर राहत. निकाल मनाविरुद्ध गेला की राजा न्यायाधीश बदलीत असे. या अनुभवातून १७०१ च्या 'ॲक्ट ऑफ सेटलमेंट'मध्ये दोन गोष्टी एकाच वाक्यात घालण्यात आल्या: वर्तन चांगले असेपर्यंत न्यायाधीशाचे पद राहील, आणि त्याचे वेतन ठरलेले व निश्चित असेल. ही जोडी अर्थपूर्ण आहे. पदावरून काढता येत नाही, पण उपाशी ठेवता येते, अशा न्यायाधीशाला स्वतंत्र म्हणता येणार नाही.

हे संरक्षण अमेरिकेतील वसाहतींना मात्र मिळाले नव्हते. म्हणूनच १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात राजावर जे आरोप ठेवले आहेत, त्यांत एक असा आहे की, त्याने न्यायाधीशांचा कार्यकाळ आणि त्यांच्या पगाराची रक्कम व अदायगी ही सारी आपल्या एकट्याच्या इच्छेवर अवलंबून ठेवली. पुढे १७८७ मध्ये राज्यघटना लिहिताना त्यांनी तिसऱ्या अनुच्छेदात स्पष्ट नियम घातला की, न्यायाधीश पदावर असेतो त्याचा मोबदला कमी करता येणार नाही. त्या नियमाचे समर्थन करताना अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी, माणसाच्या उदरनिर्वाहावर ज्याची सत्ता त्याची त्याच्या इच्छाशक्तीवरही सत्ता, अशा आशयाचे विवेचन केले आहे. सावकाराच्या वहीत आयुष्य अडकलेल्या पिढ्या ज्या समाजाने पाहिल्या, त्याला हा विचार परक्याने समजावून सांगण्याची गरज नाही.

त्या घटनासभेतील आणखी एक चर्चा आम्हांस रंजक वाटली. पगार घटवता येऊ नये हे तर खरेच, पण वाढवता यावा का? जेम्स मॅडिसन यांचे मत असे की, वाढ देण्याचा अधिकारही हाती ठेवला तर वाढीच्या आशेने न्यायाधीश मिंधे होतील; आणि पैशाचे मोल बदलते याची अडचण असेल, तर गव्हासारख्या स्थिर मोलाच्या वस्तूला पगार जोडून द्यावा. बलुत्याच्या धान्याची आठवण यावी अशी ही सूचना होती. ती मान्य झाली नाही. घट निषिद्ध आणि वाढ मोकळी, असाच नियम ठरला. पण मॅडिसन यांनी ओळखलेली अडचण खरी होती. कागदावरचा आकडा जसाच्या तसा राहूनही पगार घटू शकतो, हे पुढे आपल्याच देशात दिसून आले.

आता आपल्या संविधानाकडे वळू. येथे वाचकांनी संविधानाची प्रत जवळ घेऊन बसावे, अशी आमची विनंती आहे.

सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांच्या वेतनाविषयीचा अनुच्छेद १२५ वा आणि उच्च न्यायालयांचा २२१ वा. १९५० मध्ये या दोन्ही अनुच्छेदांचे पहिले खंड अगदी आखूड होते: दुसऱ्या अनुसूचीत नमूद केलेले वेतन न्यायाधीशांना दिले जाईल. अनुसूचीत आकडेच लिहिलेले होते. भारताच्या सरन्यायाधीशांना ५,००० रुपये, सर्वोच्च न्यायालयाच्या अन्य न्यायाधीशांना ४,०००, उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींना ४,००० आणि अन्य न्यायमूर्तींना ३,५००. आकडा संविधानातच असल्यामुळे तो एका रुपयाने जरी कमी करायचा झाला तरी घटनादुरुस्तीच करावी लागे. त्यानंतर दुसऱ्या खंडात भत्ते, रजा, निवृत्तिवेतन इत्यादींचा विषय संसदेकडे सोपवून त्याला एक परंतुक जोडले आहे. न्यायाधीशाचे भत्ते आणि रजा व निवृत्तिवेतनाविषयीचे त्याचे हक्क, तसेच सर्वोच्च न्यायालयाच्या बाबतीत विशेषाधिकारही, यांत नेमणुकीनंतर त्याला हानिकारक होईल असा बदल करता येणार नाही, असा त्याचा आशय आहे.

या मांडणीत एक सूक्ष्म न्यायबुद्धी दिसते. संविधानाने ठरविलेले आकडे जुन्यांहून कमी होते. संघ न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशांना त्यापूर्वी ७,००० रुपये आणि अन्य न्यायाधीशांना ५,५०० रुपये मिळत असत. गरीब देशाच्या न्यायाधीशांनी साहेबी पगार घेऊ नये, हा विचार योग्यच होता. पण जे आधीपासून पदावर होते त्यांचे काय? दुसऱ्या अनुसूचीतच तरतूद केली गेली की, जुन्या न्यायालयातून नव्या न्यायालयात आलेल्या न्यायाधीशांना फरकाची रक्कम विशेष वेतन म्हणून मिळत राहील. नव्याने येणाऱ्याला कमी आकडा आधीच ठाऊक असतो. तो स्वीकारून तो येतो. बसलेल्याचा पगार कापणे ही वेगळी गोष्ट आहे, कारण त्याने कोणता निकाल दिला हे कापणाऱ्याला दिसत असते. आमच्या मते या प्रश्नाचे सारे मर्म या भेदात आहे. राज्याला काटकसर करता येते. ओळखीच्या न्यायाधीशावर सूड घेता येत नाही.

याखेरीज संविधानाने दोन कुंपणे घातली. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे वेतन भारताच्या एकत्रित निधीवर आणि उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींचे राज्याच्या एकत्रित निधीवर प्रभारित केलेले आहे. म्हणजे अर्थसंकल्पात त्यावर चर्चा होऊ शकते, मतदान होत नाही. शिवाय उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींचे वेतन राज्य देते, पण किती द्यायचे ते संसद ठरविते. राज्य सरकार त्या न्यायालयात रोज पक्षकार म्हणून उभे असते; त्याच्या हाती दावा आणि पगार दोन्ही राहू नयेत, हा यामागचा हेतू उघड आहे.

आमच्या अभ्यासात ज्या ठिकाणी आम्ही थबकलो, ते ठिकाण आता येते. परंतुकात भत्ते आहेत, रजा आहे, निवृत्तिवेतन आहे. 'वेतन' हा शब्द कोठे आहे?

तो तेथे नाही. आम्ही प्रथम समजलो की मराठी भाषांतरात गळला असावा. इंग्रजी प्रत उघडली, तीतही नाही. मग नियंत्रक व महालेखापरीक्षक यांच्याविषयीचा अनुच्छेद १४८ पाहिला. तेथील परंतुकात तो शब्द स्पष्ट आहे: त्यांचे वेतनही नेमणुकीनंतर हानिकारक रीतीने बदलता येणार नाही. राष्ट्रपतींच्या बाबतीत अनुच्छेद ५९ मध्ये तसाच स्पष्ट निर्बंध आहे. इतकेच काय, १९३५ च्या कायद्यात संघ न्यायालय व उच्च न्यायालये यांच्या न्यायाधीशांविषयी जे परंतुक होते, त्यातही 'वेतन' शब्द होता. मग संविधानात तो का गाळला गेला?

आमच्या समजुतीप्रमाणे मसुदाकारांचा यात प्रमाद नाही. उलट काटेकोरपणा आहे. महालेखापरीक्षकांचे वेतन संसदेने कायद्याने ठरवायचे होते, म्हणून तेथे संसदेला अडविणारा शब्द आवश्यक होता. न्यायाधीशांचे वेतन संसदेच्या साध्या कायद्याच्या कक्षेतच नव्हते, ते अनुसूचीत कुलूपबंद होते. म्हणून परंतुकात त्याचा उल्लेख अनावश्यक ठरला. घराला भिंत असेल तेथे कोणी दार लावीत नाही.

पण १९८६ मध्ये ती भिंत काढली गेली. त्याचे कारण चांगले होते. १९५० चे आकडे तब्बल ३६ वर्षे तसेच राहिले होते. चार हजारांचा आकडा तोच होता, बाजार तो राहिला नव्हता. नावाजलेले वकील न्यायाधीशपद नाकारू लागले होते. चोपन्नाव्या घटनादुरुस्तीने हे वेतन अनुक्रमे १०,०००, ९,०००, ९,००० आणि ८,००० रुपये केले, आणि पुढे प्रत्येक वेळी संविधान दुरुस्त करावे लागू नये म्हणून वेतन संसदेने कायद्याने ठरवावे, अशी शब्दयोजना अनुच्छेद १२५ व २२१ मध्ये केली. त्यामुळे १९९८, २००९ आणि २०१८ मध्ये वाढी सहज देता आल्या. आज सरन्यायाधीशांचे मासिक वेतन २,८०,००० रुपये, सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे आणि उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींचे २,५०,००० आणि उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींचे २,२५,००० आहे. पालकसभेतील आक्षेपात आलेला आकडा तो हाच.

मात्र भिंत काढताना परंतुकात दार लावायचे राहून गेले. वेतन अनुसूचीतून संसदेच्या हाती आले, पण 'हानिकारक बदल करता येणार नाही' या वाक्यात 'वेतन' हा शब्द घातला गेला नाही. नुसत्या अक्षराकडे पाहिले तर आज स्थिती अशी की, न्यायाधीशाचा प्रवासभत्ता राखलेला आहे, आणि पगार राखलेला नाही!

यावर कायद्याचे जाणकार दोन उत्तरे देतील, आणि ती वजनदार आहेत. पहिले असे की, न्यायपालिकेचे स्वातंत्र्य हा संविधानाच्या मूलभूत संरचनेचा भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार म्हटले आहे. सूडबुद्धीने केलेली वेतनकपात त्या कसोटीवर टिकणार नाही. दुसरे उत्तर अनुच्छेद ३६० मध्ये दडलेले आहे. आर्थिक आणीबाणीच्या काळात राष्ट्रपती केंद्राच्या सेवेतील व्यक्तींचे वेतन कमी करण्याचे निदेश देऊ शकतात, आणि त्यांत सर्वोच्च व उच्च न्यायालयांचे न्यायाधीशही येतात, असे तेथे मुद्दाम नमूद केले आहे. इतर वेळी न्यायाधीशांचे वेतन कापता येत असते, तर हा उल्लेख करण्याचे प्रयोजनच उरले नसते. हा युक्तिवाद आम्हांस पटतो. तरीही एखादा हक्क अनुमानाने सिद्ध करावा लागणे आणि तो लिहिलेला असणे यांत अंतर आहे. अनुमान कोण करणार? न्यायाधीशच. म्हणजे स्वतःच्या पगाराचा खटला त्यांनाच चालवावा लागणार.

आमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न येथे पुन्हा उभा राहतो. अमेरिकेत तो खरोखरच उभा राहिला. न्यायाधीशांना मिळावयाच्या महागाईनिमित्तच्या वाढी तेथील काँग्रेसने रोखल्या, आणि १९८० मध्ये ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आले. ज्यांच्या पगाराचा प्रश्न त्यांनीच निकाल कसा द्यावा? न्यायालयाने जुन्या निरुपायाच्या तत्त्वाचा आधार घेतला: दुसरा कोणीही निर्णय देऊ शकत नसेल, तेव्हा हितसंबंध असूनही न्यायाधीशाने बसले पाहिजे, नाही तर वादीला दारच उरत नाही. आणि निकालही एकतर्फी दिला नाही. जी वाढ लागू होऊन गेली होती ती परत घेता येणार नाही, पण जी अजून लागू व्हायची होती ती रोखता येईल, असे ठरविले. प्राप्तिकराच्या बाबतीतही तेथील न्यायालयाची भूमिका बदलत गेली. १९२० मध्ये न्यायाधीशांच्या वेतनावर कर म्हणजे वेतनकपातच, असे त्यांनी म्हटले; १९३९ मध्ये ते मागे घेऊन, सर्वांना लागू असणारा कर न्यायाधीशांनीही भरावा, असे सांगितले. आपले न्यायाधीश प्राप्तिकर भरतातच.

सर्वांना लागू असलेली झळ आणि एकट्यावर रोखलेली काठी, हा फरक इतरत्रही निर्णायक ठरला आहे. १९३१ च्या मंदीत इंग्लंडमध्ये सरकारी नोकरांबरोबर न्यायाधीशांच्या पगारातही २० टक्के कपात झाली. न्यायाधीश संतापले; आम्ही राजाचे नोकर नव्हेत, असे निवेदन त्यांनी पंतप्रधानांकडे पाठविले. तत्त्व म्हणून त्यांचे म्हणणे खरे असेल, पण लाखो लोक बेकार असताना ते निवेदन वाचणाऱ्यास काय वाटले असेल, याची कल्पना करवत नाही.

आयर्लंडचे उदाहरण अधिक बोलके आहे. तेथील घटनेत न्यायाधीशाचा मोबदला पदावर असताना कमी करता येणार नाही, असा निरपवाद नियम होता. २००८ नंतरच्या आर्थिक अरिष्टात परिचारिका, शिक्षक, पोलीस या साऱ्यांचे पगार कापले गेले. न्यायाधीशांचे मात्र कापता येईनात. त्यांना स्वेच्छेने वाटा देण्याचे आवाहन झाले आणि बहुतेकांनी तो दिलाही. पण लोकांच्या मनातील अढी गेली नाही. २७ ऑक्टोबर २०११ रोजी सार्वमत झाले आणि सुमारे ८० टक्के मतदारांनी घटनादुरुस्तीला कौल दिला. नव्या शब्दांप्रमाणे, सार्वजनिक सेवेतील वर्गांचे वेतन लोकहितार्थ कायद्याने कमी केले गेले असेल, तरच त्या प्रमाणात न्यायाधीशांचेही कमी करता येते. न्यायाधीशांना वेगळे काढून कापता येत नाही.

हा मार्ग आम्हांस योग्य वाटतो, आणि पालकसभेतील आक्षेपाला आमचे उत्तरही त्यातच आहे. वेतनाचे कवच हा न्यायाधीशाचा मान नव्हे. दुष्काळ, महामारी, युद्ध आले आणि शाळेच्या शिपायापासून सचिवापर्यंत सर्वांनी झळ सोसायची ठरली, तर न्यायाधीशाने त्यातून सुटू नये. १९३१ च्या इंग्लिश न्यायाधीशांची बाजू आम्ही घेणार नाही. पण एखाद्या धरणग्रस्त वस्तीच्या बाजूने, एखाद्या अत्याचारपीडित कुटुंबाच्या बाजूने निकाल दिला म्हणून त्या न्यायालयाच्या पगारावर सरकारची नजर वळू शकत असेल, तर मजुरी बुडालेला माणूस कोणाच्या दारी जाईल? कवच त्याच्यासाठी आहे, न्यायाधीश फक्त ते अंगावर घालतो. म्हणून 'वेतन' हा शब्द अनुच्छेद १२५ आणि २२१ च्या परंतुकात घालावा, आणि सर्वांना सारख्या प्रमाणात लागू होणाऱ्या कपातीचा अपवाद स्पष्ट लिहावा, असे आमचे मत आहे. अनुच्छेद ३६० चा अपवाद आजही आहेच, पण आर्थिक आणीबाणी आजवर एकदाही घोषित झालेली नाही, आणि एवढ्या कारणासाठी ती घोषित व्हावी असे कोणी इच्छिणार नाही.

आपण इथवर बोललो ते दिल्लीच्या आणि उच्च न्यायालयांच्या न्यायाधीशांविषयी. आपला माणूस ज्या पायरीवर बसून पुकाऱ्याची वाट पाहतो, ती पायरी त्यांची नव्हे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालचा खटला जिल्ह्याच्या विशेष न्यायालयात चालतो. बांधाचा, वारसाचा, पोटगीचा तंटा तालुक्याला चालतो. तेथील न्यायाधीश राज्याच्या न्यायिक सेवेत असतात. अनुच्छेद १२५ व २२१ त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाहीत. त्यांच्यावर नियंत्रण उच्च न्यायालयाचे असते, पण पगाराची तिजोरी राज्याच्या वित्त विभागाची. महाडच्या त्या न्यायाधीशाची घटनात्मक स्थिती या बाबतीत फारशी पालटलेली नाही.

या उणिवेची काहीशी भरपाई घटनेच्या शब्दांनी नव्हे, तर निकालांनी झाली आहे. अखिल भारतीय न्यायाधीश संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ आणि १९९३ मध्ये सांगितले की, न्यायाधीश हे इतर सरकारी नोकरांसारखे नोकर नव्हेत. त्यांच्या सेवाशर्तींचा विचार स्वतंत्रपणे व्हावा. त्यातून न्या. जगन्नाथ शेट्टी यांचा आयोग आला, आणि २००२ मध्ये त्याच्या मुख्य शिफारशी लागू करण्याचा आदेश झाला. पुढे न्या. पी. व्ही. रेड्डी यांच्या दुसऱ्या राष्ट्रीय न्यायिक वेतन आयोगाच्या वेतनश्रेणी १ जानेवारी २०१६ पासून लागू ठरल्या. पण त्या मान्य करण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश जुलै २०२२ मध्ये आला आणि थकबाकी टप्प्याटप्प्याने द्यावी लागली. त्या श्रेणीत नव्याने रुजू होणाऱ्या कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाचे मूळ वेतन ७७,८४० रुपये आहे. आपले जे माजी विद्यार्थी या परीक्षेची तयारी करीत आहेत, त्यांनी हा सारा इतिहास अभ्यासक्रमाबाहेरचा समजू नये.

कॅनडात १९९७ मध्ये प्रांतिक न्यायाधीशांच्या पगारकपातीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा त्या न्यायालयाने प्रत्येक प्रांताला स्वतंत्र वेतन-आयोग बंधनकारक केला. वाढ असो, स्थगिती असो वा कपात, आधी आयोगापुढे जायचे. शिफारस डावलायची तर कारण द्यायचे. तेथे सरकार व न्यायाधीश यांना पगारासाठी परस्परांशी घासाघीस करावी लागत नाही. आपल्या जिल्हा न्यायव्यवस्थेसाठी असा कायमचा आयोग असता, तर २०१६ चा हिशेब २०२२ मध्ये उघडावा लागला नसता.

पगार कापला गेला नाही तरी तो अडू शकतो, हेही ध्यानात ठेवावे लागते. जिल्हा न्यायव्यवस्थेतून बढती मिळून नोव्हेंबर २०२३ मध्ये पाटणा उच्च न्यायालयात आलेल्या एका न्यायमूर्तींना भविष्यनिर्वाह निधीचे खाते नसल्याच्या कारणाने सुमारे दहा महिने वेतनच मिळाले नाही. अखेर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तात्पुरते खाते उघडून वेतन देण्याचा आदेश दिला. त्यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता, फाईल अडली होती इतकेच. शिष्यवृत्तीची फाईल अडल्यावर काय होते ते आपल्या वसतिगृहातील मुलांना सांगायला नको. उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तीलाही तो अनुभव यावा, याचे आम्हांस नवल वाटले आणि, खरे सांगायचे तर, किंचित गंमतही वाटली.

आणि मजुराच्या मजुरीचे काय? महामारीच्या आरंभी अनेक राज्यांनी कर्मचाऱ्यांचे वेतन पुढे ढकलले; महाराष्ट्रातही मार्च २०२० चे वेतन दोन टप्प्यांत देण्याचे ठरले, आमच्यापैकी अनेकांनी ते अनुभवले. आंध्र प्रदेशात अशाच आदेशाविरुद्ध एका निवृत्त जिल्हा न्यायाधीशांनी उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये, रोखलेले वेतन व निवृत्तिवेतन ६ टक्के व्याजासह देण्याचा आदेश झाला. या याचिकेत न्यायाधीशांसाठीचे कोणतेही विशेष परंतुक कामाला आले नाही. केलेल्या कामाचे वेतन हा हक्क आहे, या साध्या तत्त्वावर ती टिकली, आणि तिचा लाभ कारकुनाला, शिपायाला, निवृत्त शिक्षकालाही झाला.

पुढच्या शनिवारी आम्ही फळ्यावर दोन परंतुके शेजारी-शेजारी लिहिली, डावीकडे अनुच्छेद १२५ चे आणि उजवीकडे १४८ चे, आणि काय वेगळे दिसते ते शोधायला सांगितले. 'वेतन' हा शब्द सर्वांत आधी त्याच मुलीला सापडला. तिने लगेच दुसरा प्रश्न विचारला: तालुक्याच्या न्यायाधीशांचे परंतुक कोणत्या अनुच्छेदात आहे? तिला आम्ही अनुच्छेद २३३ ते २३७ घरी वाचून यायला सांगितले आहे.